महासाथ, मोबाइल आणि सार्वजनिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही जण एक संगणक आणि दोन मोबाइल घेऊन लोकांची लसनोंदणी करून द्यायला बसत होतो. तेव्हापासून आरोग्य सेतू (संपर्क शोधणारे ॲप), को-विन (लसनोंदणीचे पोर्टल), ई-संजीवनी (दूरवरून डॉक्टरी सल्ला देणारी सेवा), आभा (आरोग्य ओळख क्रमांक) यांविषयीचे प्रश्न माझ्याकडे येत राहिले आहेत. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे येथे एकत्र केले आहेत. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल आरोग्य व्यवस्था म्हणजे मोबाइलमधली ॲप्स, एवढेच ना?

नाही. ॲप हा त्या व्यवस्थेचा आपल्या नजरेस पडणारा भाग आहे, आणि तो सर्वांत लहान आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीचे तापमान वाढले तर औषध निर्माण अधिकाऱ्याला जाणारा संदेश, प्रयोगशाळेने तपासणीचा निकाल ज्या पोर्टलवर भरायचा ते पोर्टल, आरोग्य सेविकेच्या टॅबमधली गरोदर मातांची यादी, लसीच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड, हे सगळे मिळून ती व्यवस्था होते. महासाथीने यातले बरेचसे नव्याने निर्माण केले नाही. जे आधीपासून कुठे कुठे चालू होते, ते काही आठवड्यांत सगळ्या देशावर पसरवले.

२. आरोग्य सेतू नेमके कसे चालायचे? आता ते फोनमध्ये ठेवावे का?

२ एप्रिल २०२० रोजी आलेले हे ॲप राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केले. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून ते एकमेकांच्या सांकेतिक खुणा टिपून ठेवत. त्यांपैकी एकाचा मालक पुढे बाधित ठरला, तर त्याच्या फोनमधली यादी सर्व्हरवर जाई आणि त्या यादीतल्यांना सावधगिरीचा संदेश मिळे. जोडीला जीपीएसवरून ठिकाणाचीही नोंद होत असे. मे २०२० च्या मध्यापर्यंत दहा कोटींहून अधिक लोकांनी ते घेतले होते. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोय होती.

संपर्क शोधण्याची ती सोय बंद केली असून त्यासाठी गोळा झालेली माहिती नष्ट केली आहे, असे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितले. आजचे ॲप प्रामुख्याने आभा आणि आरोग्यविषयक नोंदींसाठी आहे. त्यासाठी तुम्ही ते वापरत नसाल, तर काढून टाकल्याने काहीही बिघडत नाही.

३. मी कुठे कुठे गेलो हे आरोग्य सेतूमुळे सरकारला कळत होते का?

सरसकट नाही, पण 'काहीच कळत नव्हते' हेही खरे नाही. जाहीर धोरणानुसार संपर्काची व ठिकाणाची माहिती फोनमध्येच राहायची आणि तीस दिवसांनी पुसली जायची. व्यक्ती बाधित ठरली किंवा ॲपमधल्या प्रश्नावलीतून तिला धोका आहे असे दिसले, की मात्र ती सर्व्हरवर जायची. सर्व्हरवरची मुदत साधारणपणे ४५ दिवसांची आणि बाधितांसाठी बरे झाल्यानंतर ६० दिवसांची होती. ११ मे २०२० रोजी माहितीच्या वापराची नियमावली निघाली. परंतु ती नियमावली होती, संसदेने केलेला कायदा नव्हता. त्याआधीच १ मे २०२० च्या आदेशाने सर्व कर्मचाऱ्यांना ॲप सक्तीचे केले होते. १७ मे रोजी ती सक्ती सौम्य झाली.

इतरांनी काय केले हे पाहिले म्हणजे वेगळा मार्ग शक्य होता हे कळते. जर्मनीच्या १६ जून २०२० रोजी सुरू झालेल्या कोरोना-वॉर्न-ॲपमध्ये संपर्काची जुळणी फोनच्या आतच होत असे, मध्यवर्ती सर्व्हरला संपर्कांची यादी मिळतच नसे, आणि ठिकाणही टिपले जात नसे. सिंगापूरचे 'ट्रेसटुगेदर' मात्र जानेवारी २०२१ मध्ये अडचणीत आले, कारण फौजदारी तपासासाठी पोलिसांना ती माहिती मागता येते हे तेव्हा उघड झाले. पुढच्याच महिन्यात तिथल्या संसदेने कायदा करून तो वापर सात गंभीर प्रकारच्या गुन्ह्यांपुरता मर्यादित केला. माझे मत असे की, साथीसाठी घेतलेली माहिती साथीसाठीच वापरली जाईल हे कायद्याने आधी बांधून घ्यावे आणि मग ती मागावी. सक्ती आधी आणि नियम नंतर, हा क्रम लोकांच्या विश्वासाला मारक ठरतो, आणि विश्वास नसलेले लोक खरी माहिती देत नाहीत.

४. मग संपर्क शोधायला ॲपचा उपयोग झाला की नाही? धारावीत तर माणसांनीच साथ आटोक्यात आणली म्हणतात.

ब्लूटूथची जुळणी व्हायची तर दोन्ही व्यक्तींकडे ॲप चालू असावे लागते. शंभरांपैकी तीस लोकांकडे ते असेल, तर कोणत्याही दोन व्यक्तींच्या भेटीत दोघांकडेही ते असण्याची शक्यता साधारण नऊ टक्केच उरते. म्हणजे शंभर भेटींपैकी एक्याण्णव भेटी ॲपला दिसतच नाहीत. त्यातही ब्लूटूथचे तरंग भिंतीपलीकडे जातात, त्यामुळे चाळीत किंवा झोपडपट्टीत भिंतीआडचा शेजारी 'संपर्क' ठरतो. आणि एका घरात एकच फोन असेल तर तो ज्याच्या खिशात असेल त्याचाच प्रवास नोंदला जातो.

धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. तिथे महापालिकेचे कर्मचारी आणि स्थानिक खासगी डॉक्टर यांनी दारोदार जाऊन ताप तपासला, फिव्हर क्लिनिक चालवली, लक्षणे असलेल्यांना घराबाहेर संस्थात्मक विलगीकरणात नेले आणि सार्वजनिक शौचालयांच्या निर्जंतुकीकरणावर भर दिला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली. तिथेही पथके घरोघर जाऊन तापमान आणि ऑक्सिजनची पातळी मोजत आणि ॲपमध्ये नोंद करत. माहिती भरायला ॲप होते, पण ती आणायला माणूस उंबरठ्यापर्यंत गेला होता. माझ्या मते संपर्कशोधाची रास्त पद्धत हीच आहे.

५. खाटांच्या ऑनलाइन फलकावर खाट रिकामी दिसायची, पण रुग्णालयात गेल्यावर 'नाही' म्हणायचे. ती माहिती खोटी होती का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या धावपळीत घरचे माणूस गमावले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा माहिती शिळी असे. फलकावरचा आकडा आपोआप बदलत नव्हता. रुग्णालयातला कोणी कर्मचारी दिवसातून ठरावीक वेळा तो भरत होता, आणि एप्रिल २०२१ मध्ये तोच कर्मचारी दाखल्यांच्या रांगेपुढेही बसलेला होता. रुग्ण घरी गेला की खाट कागदावर रिकामी होते. प्रत्यक्षात ती निर्जंतुक होऊन पुढच्या रुग्णासाठी तयार व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दारात चार जण उभे असतात. शिवाय 'खाट' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जाई: साधी, ऑक्सिजनची, अतिदक्षता विभागातली आणि व्हेंटिलेटरची. व्हेंटिलेटर आहे पण तो चालवणारा भूलतज्ज्ञ किंवा परिचारिका नाही, अशी खाट मोजायची की नाही, याबद्दल सर्वत्र एकच नियम नव्हता.

मुंबईत जून २०२० पासून २४ विभागांत वॉर रूम सुरू झाल्या, तेव्हा पद्धत बदलली. प्रयोगशाळांचे निकाल आधी महापालिकेकडे येत, तिथून विभागवार वाटले जात, आणि वॉर रूममधले डॉक्टर रुग्णाला फोन करून, त्याची स्थिती विचारून खाट ठरवत. रुग्णाने फलक पाहून धावत सुटण्याऐवजी फोनवरच्या माणसाने खाट नक्की करून मग रुग्णाला निघायला सांगायचे, असा तो बदल होता. दुसऱ्या लाटेत ही पद्धतही ताणली गेली, कारण नसलेली खाट कोणताही फलक निर्माण करू शकत नाही. परंतु नुसत्या फलकापेक्षा ती रुग्णाच्या बाजूची होती. पुढच्या साथीत एखाद्या शहराने केवळ संकेतस्थळ उघडून काम झाले असे जाहीर केले, तर नागरिकांनी त्याच दिवशी विचारावे: या आकड्यामागे फोन उचलणारे कोण आहे?

६. मृत्यूंचा आकडा एका दिवसात हजाराने कसा वाढायचा? आकडे दडवले जात होते का?

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या आकड्यात आधीच्या काळातले १,३२८ मृत्यू एकदम मिळवले गेले; त्यांत मुंबईचे ८६२ होते. जून २०२१ मध्येही असे जुने मृत्यू मोठ्या संख्येने नोंदले गेले. रुग्णालयाची नोंद, प्रयोगशाळेचे पोर्टल आणि जिल्ह्याची यादी यांत एकाच व्यक्तीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असे, आणि ते जुळवल्याशिवाय मृत्यू अधिकृत आकड्यात जात नसे. या जुळणीला उशीर का झाला, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि घरी झालेले किंवा तपासणीच न झालेले मृत्यू या आकड्यांच्या बाहेर राहिले ही गोष्टही मान्य करायला हवी. तरीही एका दिवसाचा मोठा आकडा हा त्या दिवशीच्या मृत्यूंचा आकडा नसतो.

प्रगत देशही याला अपवाद नव्हते. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद गळाली, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरली जात होती आणि त्या फायलीत सुमारे ६५ हजारांपलीकडे ओळी मावत नाहीत. गळालेल्या लोकांच्या संपर्कांना तेवढे दिवस कोणी फोनच केला नाही.

७. को-विन इतक्या लवकर कसे तयार झाले?

त्याचा पाया आधीच घातलेला होता. २०१५ पासून देशात 'ई-विन' नावाची व्यवस्था उभी राहत होती. कोणत्या केंद्रावर लसीच्या किती मात्रा आहेत आणि शीतपेटीचे तापमान किती आहे, हे तिच्यातून कळते. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा साठ्याच्या या अनुभवावर लाभार्थीची नोंदणी, वेळ आणि प्रमाणपत्र यांची जोड दिली गेली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी मात्रा पूर्ण झाल्या; एकूण संख्या पुढे २२० कोटींवर गेली. जे काम शांततेच्या वर्षांत झाले होते, तेच साथीच्या वर्षात उपयोगी पडले.

८. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, आधार नव्हते, त्यांना लस कशी मिळाली?

उशिरा, आणि बऱ्याचदा दुसऱ्या कोणाच्या मदतीने. १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा आधी ऑनलाइन वेळ घेणे सक्तीचे होते. वेळा उघडल्या की काही क्षणांत संपत. ज्यांचे इंटरनेट वेगवान, ज्यांना वेळ उपलब्ध झाल्याचे आपोआप कळवणारे संदेश लावता येत, त्यांचाच नंबर लागे. मुंबई-पुण्याकडचे तरुण ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा मिळवून गाड्या घेऊन तिथे पोहोचत आणि त्या गावातली माणसे केंद्राच्या बाहेर उभी राहून पाहत. शहरातल्या त्या तरुणांना मी दोष देत नाही, त्यांनाही लस हवी होती. दोष नियमाचा होता. को-विनवर मराठीसह भारतीय भाषा जून २०२१ मध्ये आल्या. तोपर्यंत आमच्या वाचनालयात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पडद्यावरचे काहीच वाचता येत नसे.

३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याच गोष्टीवर बोट ठेवले: एवढ्या मोठ्या वयोगटाचे लसीकरण केवळ डिजिटल पोर्टलवर सोपवले तर वंचित घटक बाहेर राहतील. दृष्टिहीनांना संकेतस्थळ वापरण्यात येणाऱ्या अडचणींचीही न्यायालयाने दखल घेतली. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करायला परवानगी मिळाली होती. २१ जूनपासून ती सर्वत्र खुली झाली.

आधार कधीच एकमेव ओळखपत्र नव्हते. पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र, निवृत्तिवेतनाचे पासबुक यांपैकी कोणतेही चालत असे. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, उदाहरणार्थ कारागृहातील बंदी, मनोरुग्णालयातील रुग्ण, साधू, रस्त्यावर राहणारे लोक, त्यांच्यासाठी ६ मे २०२१ रोजी वेगळी कार्यपद्धती ठरली आणि एका नेमलेल्या व्यक्तीच्या मोबाइलवरून त्यांची नोंद होऊ लागली. ओळखपत्राशिवाय सुमारे ८७ लाख लोकांचे लसीकरण झाल्याचे केंद्राने पुढे सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. वाट असूनही केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला ती ठाऊक नसे, हा आमचा नेहमीचा अनुभव होता. परिपत्रकाची छापील प्रत हातात असली की काम होई.

९. दुसरी मात्रा घेतलीच नव्हती, तरी 'घेतली' असा संदेश आला. असे कसे?

याची अनेक उदाहरणे २०२१ च्या अखेरीस समोर आली. काहींना तर घरातल्या मृत व्यक्तीच्या नावाने संदेश आले. एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची (जानेवारी २०२२ पासून सहा जणांची) नोंद करता येत असल्याने केंद्रावर घाईत चुकीच्या नावावर खूण होणे हे एक कारण होते. दुसरे कारण अधिक गंभीर होते: उद्दिष्ट पूर्ण दाखवण्याचा वरून येणारा ताण. जानेवारी २०२२ मध्ये को-विनवर चुकीची नोंद मागे घेण्याची सोय आली आणि अशा व्यक्तीला राहिलेली मात्रा घेता येऊ लागली. मृत व्यक्तीच्या नोंदीबाबत मात्र कुटुंबीयांना जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करण्याचा सल्ला आम्ही देत असू.

१०. लसीच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड काय सिद्ध करतो?

त्या चौकोनात तुमचे नाव, लसीचे नाव, तारीख यांबरोबर एक डिजिटल स्वाक्षरी असते. कोणी फोटोशॉपमध्ये नाव बदलले तर छापील अक्षरे बदलतात, पण कोडमधली माहिती तीच राहते. आणि कोडमध्ये फेरफार केला तर स्वाक्षरी जुळत नाही. मात्र मुळात चुकीची भरलेली माहिती ही स्वाक्षरी ओळखू शकत नाही (प्रश्न ९ पाहा). प्रमाणपत्राची पीडीएफ प्रत स्वतःजवळ आणि डिजिलॉकरमध्ये ठेवावी. मोबाइल क्रमांक बदलल्यावर सर्वाधिक त्रास ती न ठेवणाऱ्यांनाच झाला आहे.

११. परदेशात हे प्रमाणपत्र का नाकारले जात होते?

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने भारतात तयार झालेली कोविशील्ड मान्य केली, पण प्रमाणपत्राबाबत शंका घेतली. को-विनवर फक्त वय किंवा जन्मवर्ष असे, तर परदेशी तपासणीत पूर्ण जन्मतारीख लागत असे. त्यामुळे परदेश प्रवासासाठी जन्मतारखेचे वेगळे प्रमाणपत्र निघाले. शिक्षण, नोकरी किंवा ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना कोविशील्डची दुसरी मात्रा ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनी घेण्याची सवलत जून २०२१ मध्ये मिळाली होती, त्यामुळे त्यांच्या प्रमाणपत्रावरचे कमी अंतर ही चूक नव्हे. युरोपीय संघाच्या १ जुलै २०२१ पासूनच्या प्रमाणपत्र व्यवस्थेचा आधार घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२३ मध्ये अशी प्रमाणपत्रे परस्परांनी तपासण्याचे जागतिक जाळे सुरू केले.

१२. को-विनची माहिती फुटली होती का?

जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला) मोबाइल क्रमांक दिला की त्या व्यक्तीचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मवर्ष आणि लस घेतलेले केंद्र दिसत असल्याच्या बातम्या आल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या बातम्या निराधार असल्याचे सांगितले. को-विनच्या मूळ साठ्यात तो बॉट थेट शिरलेला दिसत नाही, असे तपास करणाऱ्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचे प्राथमिक म्हणणे होते. नंतर बिहारमधून अटकही झाली. मूळ साठ्याला धक्का लागला नाही असे मानले, तरी लसीकरण केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनाही माहिती पाहता येत होती, आणि एवढ्या प्रचंड संख्येने दिलेली प्रवेशाची किल्ली कुठेतरी सैल राहणारच. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, म्हणजे लसीकरणाचा मुख्य काळ संपल्यावर. त्या कायद्यातही साथीच्या काळात उपचार व आरोग्यसेवा देण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१३. फोनवरून तपासून डॉक्टर औषध लिहून देऊ शकतात का? ते कायदेशीर आहे का?

होय. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका आदेशानंतर फोनवरून सल्ला देण्याबाबत डॉक्टरांमध्ये मोठी भीती पसरली होती. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काही औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवरच व्हावी लागते. काही केवळ प्रत्यक्ष तपासणीनंतरच्या पाठपुराव्यात लिहिता येतात. आणि अमली वर्गातली व परिशिष्ट एक्समधली (औषध नियमांतल्या सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतली) औषधे दूरवरून लिहिताच येत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. छातीत कळ, शुद्ध हरपणे, धाप अशा वेळी फोनवरचा सल्ला प्रथमोपचार आणि रुग्णालयात पाठवणे इतकाच मर्यादित असतो.

सरकारी ई-संजीवनी मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने बनवली आहे. ती दोन तऱ्हांनी चालते: एकीत रुग्ण घरूनच डॉक्टरशी बोलतो, दुसरीत उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून तज्ज्ञाशी जोडून देतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ले झाले होते. माझ्या मते दुसरी तऱ्हा गावासाठी अधिक मोलाची आहे, कारण तिथे रक्तदाब मोजणारा, जीभ-डोळे पाहणारा आणि औषध हातात ठेवणारा माणूस रुग्णाजवळ असतो.

१४. आभा आणि आयुष्मान कार्ड एकच का? आभा नसेल तर उपचार नाकारतात का?

एकच नाहीत. आयुष्मान कार्ड हे पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. आभा हा केवळ चौदा अंकी क्रमांक आहे. त्यातून पैसे मिळत नाहीत, वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या तुमच्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात नोंदी त्या त्या रुग्णालयातच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरला त्या हव्या असतील तर कशासाठी आणि किती काळासाठी हे सांगून तुमची संमती मागावी लागते. ती संमती मागेही घेता येते. आभा ऐच्छिक आहे, ती नाही म्हणून उपचार नाकारणे चुकीचे आहे. केस पेपरच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन केल्यास रांग वाचते हा खरा फायदा आहे. पण शेजारी साधी खिडकीही उघडी असायला हवी.

१५. मी कधी अर्जच केला नाही, तरी माझ्या लसीच्या प्रमाणपत्रावर आरोग्य ओळख क्रमांक आला. तो कुठून?

लस घेताना ज्यांनी आधार दाखवले, त्यांच्यापैकी अनेकांचा हा क्रमांक त्याच वेळी तयार केला गेला. सुईची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला त्याची वेगळी माहिती देऊन होकार घेतला गेला, असे मी तरी पाहिले नाही, आणि संमतीवर उभ्या राहणाऱ्या व्यवस्थेची अशी सुरुवात व्हायला नको होती. नको असल्यास आभाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक निष्क्रिय करता येतो किंवा कायमचा काढता येतो.

१६. पुढची साथ येण्याआधी संगणक इशारा देईल का?

काही साथींचा, आणि तोही माणसाने नोंद केली तरच. २००४ पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात दर आठवड्याला कागदावरचे आकडे वर जात. ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या नव्या मंचावर ३३ आजारांची नोंद जवळपास त्याच वेळी आणि गावाच्या नकाशासह होऊ लागली. तिथे तीन प्रकारचे नमुने (फॉर्म) भरतात: लक्षणांवरून आरोग्य सेविका भरते तो एस, डॉक्टर भरतो तो पी आणि प्रयोगशाळा भरते तो एल. एखाद्या वाडीत जुलाबाचे रुग्ण वाढू लागले तर एस नमुन्यात ते आधी दिसायला हवे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हात-पाय लुळे पडणारे इतके रुग्ण एकाच भागातून येत आहेत, हे आधी रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. मग महापालिका, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि पाण्याचे नमुने असा तपास पुढे सरकला. यादीतल्या आजारांची वाढ यंत्रणा चांगली मोजते. यादीत न बसणारे काही घडते आहे हे ओळखायला अजूनही अनुभवी डॉक्टर लागतो, आणि त्याने एक फोन केला की पलीकडे कोणी ऐकणारा अधिकारी लागतो.

१७. कोविड ओसरल्यावर या सगळ्याचा उपयोग काय?

सर्वांत थेट उपयोग यू-विनचा. जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही व्यवस्था गरोदर माता आणि बालकांच्या नेहमीच्या लसीकरणाची नोंद ठेवते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या बाळाची पुढची लस दुसऱ्या जिल्ह्यात देता यावी आणि तिची नोंद हरवू नये, यासाठी ती खरोखर हवी आहे. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र टाकून देऊ नये.

क्षयरोगासाठी 'निक्षय' हे पोर्टल २०१२ पासून आहे, म्हणजे कोविडच्याही आधीपासून. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती; २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. पोर्टल तेव्हाही सुरू होते. रुग्ण मात्र टाळेबंदीत घरी खोकत बसले होते, आणि तपासणारे हात कोविडकडे वळले होते.

१८. मी आशा (गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती) आहे. एकच माहिती वहीत, दोन ॲपमध्ये आणि व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवावी लागते. हे कमी कसे होईल?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा आला आहे, कधी व्हॉइस मेसेजने, कधी रात्री अकरानंतर. याचे कारण असे की प्रत्येक कार्यक्रमाने आपापले ॲप काढले आणि आधीची वही बंद करण्याचा आदेश कोणी काढला नाही. तपासणीला आलेला अधिकारी वही मागतो, तालुक्याला ॲपमधला आकडा हवा असतो, आणि बैठकीच्या आदल्या रात्री गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) व्हॉट्सॲपवर तोच आकडा पुन्हा मागते.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांच्या मुळाशी कोविडच्या वाढलेल्या कामाचा मोबदला होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला. तुम्ही विचारता त्यावर मी तीन गोष्टी सुचवतो. एकाच माहितीसाठी वही आणि ॲप दोन्ही मागितल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी विचारा की कोणती नोंद ग्राह्य आहे. काही ठिकाणी एवढ्यानेच दुसरी नोंद थांबली आहे. स्वतःच्या डेटा पॅकचा आणि फोनचा खर्च दर महिन्याच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि रुग्णाचे नाव, आजार, गरोदरपण यांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायला सांगितले, तर नकार द्या. ती माहिती त्या बाईने तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलेली असते, आणि गटातल्या पन्नास जणांपैकी कोण ती पुढे पाठवेल हे तुमच्या हातात नसते.

या मागण्यांसाठी अर्जाचा मराठी मसुदा हवा असलेल्या आशांनी पदासह आणि तालुक्याच्या नावासह कळवावे. तो पाठवला जाईल.